बार्बीची मालकीण आणि छातीतली गाठ

बार्बी बाहुली आपल्या वस्त्यांना नवी नाही. खरी बार्बी महाग पडते, पण तिच्यासारखी उंच, बारीक कमरेची, सोनेरी केसांची बाहुली जत्रेत, आठवडी बाजारात, स्टेशनच्या पुलावर स्वस्तात मिळते. पोरी तिला चिंध्यांची साडी नेसवतात, तिची वेणी घालतात. ही बाहुली बाजारात आणणारी बाई अमेरिकेची. तिचं नाव रूथ हँडलर. बाहुलीमुळे तिचं नाव झालं, पैसा झाला. तिच्या दुसऱ्या धंद्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. वयाच्या साठीला आल्यावर या बाईने कृत्रिम स्तन बनवण्याचा कारखाना काढला. कारण १९७० साली कॅन्सरमुळे तिचा स्वतःचा एक स्तन काढावा लागला होता.

मोठ्या बायांच्या आजाराच्या गोष्टी आपण कशाला वाचायच्या, असं कुणी म्हणेल. त्यांच्याकडे पैसा, गाडी, डॉक्टर, आपल्याकडे काय? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच या लेखात दोन्ही बाजू पाहू. पैशाने त्यांना काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि त्यांच्याकडून आपण बिनपैशाचं काय घ्यायचं.

लोहाराची दहावी लेक

रूथचा जन्म १९१६ सालचा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. आईबाप पोलंडहून आलेले ज्यू. वडील लोहारकाम करायचे. दहा भावंडांत ही सगळ्यात धाकटी. आईची तब्येत नीट नसायची, त्यामुळे रूथ मोठ्या बहिणीच्या घरी वाढली. बहिणीचं औषधांचं दुकान होतं. तिथे लहानपणापासून काम करता करता तिला धंद्याची गोडी लागली.

१९३८ साली तिने एलियट हँडलरशी लग्न केलं. एलियटच्या हातात कला होती, पण वस्तू विकायला तो लाजायचा. विकण्याचं काम रूथने घेतलं. १९४५ साली एलियट आणि त्याचा जोडीदार हॅरोल्ड मॅटसन यांनी मॅटेल कंपनी सुरू केली. सुरुवातीला फोटोंच्या चौकटी बनायच्या. उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून बाहुलीघरातलं फर्निचर बनवलं आणि तेच जास्त खपलं. अशी कंपनी खेळण्यांकडे वळली.

रूथची लेक बार्बरा कागदाच्या बाहुल्यांशी खेळायची. त्या बाहुल्या तान्ह्या बाळांच्या नव्हत्या, मोठ्या बायकांच्या होत्या. त्या काळी दुकानात मिळायच्या त्या बहुतेक बाळबाहुल्या, म्हणजे मुलींनी खेळातही आईच व्हायचं. मुलींना आपण मोठेपणी कोण होऊ ते खेळून पाहता यावं, असं रूथच्या मनात आलं. जर्मनीत तिला तशी एक बाहुली दिसली आणि तिच्यावरून बार्बी तयार झाली. कंपनीतल्या पुरुषांचं म्हणणं होतं, छाती असलेली बाहुली कोणती आई विकत घेईल? ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी मांडली गेली आणि पहिल्याच वर्षी तिच्या तीन लाखांहून जास्त बाहुल्या खपल्या. १९६७ साली रूथ मॅटेलची अध्यक्ष झाली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या खुर्चीवर बाई बसलेली त्या काळी अमेरिकेतही क्वचितच दिसायची.

बार्बीच्या अंगलटीवर टीका झाली आणि ती रास्त होती. अशी कंबर, अशी छाती खऱ्या बाईची नसते. पण ज्या बाईने बाहुलीला छाती दिली म्हणून लोक हसले, तिलाच पुढे स्तन गमावलेल्या बाईचं दुःख कळलं.

१९७० सालचं ऑपरेशन

रूथ ५३ वर्षांची असताना तिच्या स्तनात कॅन्सर सापडला. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत अख्खा स्तन काढून टाकायचा, असं सर्रास चालायचं. टेबलावर जाताना बाईला ठाऊक नसायचं की जाग येईल तेव्हा स्तन असेल की नसेल. विचारणं, समजावणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं यांना जागाच नव्हती. त्याही आधीच्या काळात तर स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. त्या बायकांना नंतर हात वर करणंही कठीण जायचं.

आज बराच फरक पडला आहे. गाठ लहान असताना सापडली तर अनेकदा तेवढी गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढून स्तन वाचवता येतो. नंतर त्याला शेक देतात, म्हणजे रेडिएशन. १९८५ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात असं दिसलं की योग्य बायकांमध्ये स्तन वाचवून शेक दिला तरी जगण्याच्या बाबतीत अख्खा स्तन काढण्याइतकाच फायदा होतो. म्हणून आज प्रत्येक बाईने डॉक्टरांना विचारायला हवं, "माझा स्तन वाचवता येईल का?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही, तो तुमचा हक्क आहे. कधी उत्तर "नाही" असंच येईल. गाठ मोठी असेल, पसरली असेल, तर स्तन काढणंच शहाणपणाचं. पण निर्णय तुम्हाला समजावून, तुमच्या संमतीने व्हायला हवा.

ऑपरेशनमधून रूथ जगली, पण मनाने खचली. आपल्यातला आत्मविश्वासच गेला, असं तिने नंतर सांगितलं. कंपनीत तिची पकड सैल झाली. त्याच काळात मॅटेलमध्ये हिशेबाचे घोटाळे झाले आणि १९७५ पर्यंत हँडलर नवराबायकोला कंपनीतून बाहेर पडावं लागलं. १९७८ साली रूथवर खोटे हिशेब दाखवल्याचा खटला झाला. तिने आरोप लढवला नाही. तिला ५७,००० डॉलर दंड आणि २,५०० तास समाजसेवेची शिक्षा झाली. हे लपवायचं कारण नाही. आजार झाला म्हणून माणूस साधुसंत होत नाही आणि चूक केलेल्या माणसाच्या हातूनही चांगलं काम होऊ शकतं.

"जवळजवळ माझाच"

ऑपरेशननंतर रूथ कृत्रिम स्तन घ्यायला दुकानात गेली. मिळालं ते एक बेढब गाठोडं. डावा-उजवा फरक नाही, आकाराला ठिकाण नाही. ब्लाउजमध्ये एका बाजूला सरकायचं, वर चढायचं. दुकानातल्या बायकांनाही ग्राहकाच्या अंगाला हात लावून माप घ्यायचं अवघड वाटायचं. जणू समोरची बाई रोगी नसून गुन्हेगार आहे.

धंदेवाली बाई असल्याने तिने रडण्यासोबत हिशेबही केला. आपल्यासारख्या हजारो बायका असणार. बुटांना डावा-उजवा पाय असतो, मग स्तनांना डावी-उजवी बाजू का नको? तिने कृत्रिम अवयव बनवणाऱ्या पेटन मॅसी नावाच्या कारागिराला सोबत घेतलं. द्रवरूप सिलिकॉन पातळ आवरणात भरून मऊ आणि वजनदार स्तन तयार केला. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. मापं ब्राच्या मापांप्रमाणेच ठेवली, म्हणजे बाईला साध्या दुकानातली साधी ब्रा घालता येईल. १९७६ साली रूथटन नावाची कंपनी निघाली आणि या स्तनाचं नाव ठेवलं "नियरली मी", म्हणजे "जवळजवळ माझाच".

यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती विकायची रीत. तिच्यासोबत काम करणाऱ्या बायका बहुतेक मध्यमवयीन होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला होता. त्या अमेरिकेभर फिरून मोठमोठ्या दुकानांत जायच्या, तिथल्या विक्रेत्या बायकांना माप घ्यायला शिकवायच्या. रूथ स्वतः ग्राहक बाईच्या अंगावर स्तन बसवून द्यायची. पत्रकार आले की त्यांना सरळ सांगायची, हात लावून बघा आणि ओळखा, खरा कोणता नि खोटा कोणता. तेव्हाच्या अमेरिकेत "स्तन" हा शब्द वर्तमानपत्रात छापायलाही लोक बिचकत. "कॅन्सर" तर घरातही हळू आवाजात बोलायचे. अशा काळात हे धाडसच होतं.

१९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिचाही स्तन कॅन्सरमुळे काढला गेला. तिने ते लपवलं नाही, जाहीर केलं. त्यानंतर देशभर हजारो बायका तपासणीला गेल्या आणि नव्याने सापडणाऱ्या रुग्णांचा आकडा एकदम वर गेला. कॅन्सर काही अचानक वाढला नव्हता. आधी लपून बसलेला आता सापडू लागला होता. पुढे याच बेटी फोर्डला रूथने आपला कृत्रिम स्तन बसवून दिला. १९९१ साली रूथने ही कंपनी विकली. त्याआधी १९८९ साली तिचा दुसरा स्तनही काढावा लागला होता. २००२ साली ती ८५ व्या वर्षी गेली, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या त्रासाने. म्हणजे स्तनाच्या कॅन्सरनंतर ती ३२ वर्षं जगली. स्तनाचा कॅन्सर म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे, याचा हा एक पुरावा.

आणखी दोघी, आणि "नको" म्हणणारी एक

एव्हलिन लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांच्या एस्टी लॉडर कंपनीच्या घरातली सून आणि कंपनीतली मोठी अधिकारी. जन्म व्हिएन्नाचा, १९३६ चा. नाझींच्या छळामुळे तिचं ज्यू कुटुंब पळून अमेरिकेत आलं. तिलाही स्तनाचा कॅन्सर होऊन गेला. ऑक्टोबर महिन्यात जिथे तिथे दिसणारी गुलाबी रिबीन १९९२ साली तिने आणि "सेल्फ" या मासिकाने मिळून लोकांपर्यंत नेली. १९९३ साली तिने स्तनाच्या कॅन्सरवरील संशोधनाला पैसा देणारी संस्था काढली. स्वतःच्या आजाराबद्दल मात्र ती फारसं बोलत नसे. २०११ साली अंडाशयाच्या कॅन्सरने ती गेली.

त्या रिबिनीची आधीची गोष्टही माहीत हवी. कॅलिफोर्नियातली शार्लट हेली नावाची एक साधी बाई घरीच फिकट नारिंगी रिबिनी बनवून वाटत होती. सोबतच्या चिठ्ठीत तिचा सवाल असायचा की सरकार कॅन्सरवर एवढा पैसा खर्च करतं, मग त्यातला इतका थोडाच पैसा तो होऊ नये यासाठी का? मासिकाने तिची रिबीन मागितली. हा धंद्याचा मामला आहे, म्हणत तिने नकार दिला. म्हणून रंग बदलून गुलाबी घेतला. रिबीन जगभर गेली, हेलीचा सवाल मागे राहिला. गुलाबी रिबीन लावून वस्तू विकणारी प्रत्येक कंपनी रुग्णाला मदत करतेच असं नाही. रिबीन लावल्याने गाठ सापडत नाही. छाती तपासल्याने सापडते.

दुसरी कार्ली फिओरिना. १९९९ ते २००५ या काळात ती ह्युलेट-पॅकार्ड या प्रचंड मोठ्या कॉम्प्युटर कंपनीची प्रमुख होती. २००९ साली तिला स्तनाचा कॅन्सर झाला. थोड्याच दिवसांपूर्वी काढलेली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, स्वच्छ आली होती. गाठ तिची तिलाच हाताला लागली. दोन्ही स्तन काढले, केमो झाली, शेक झाले, केस गेले. त्याच वर्षाच्या शेवटी, केस नुकते बोटभर वाढलेले असताना, तिने अमेरिकन सिनेटची निवडणूक लढवत असल्याचं जाहीर केलं. निवडणूक ती हरली. तिचं राजकारण आपल्याला पटो न पटो, दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. रिपोर्ट चांगला आला तरी नवा बदल जाणवला तर पुन्हा दाखवायचं. आणि केस गेलेल्या डोक्याने चारचौघांत जायला लाजायचं नाही.

आता "नको" म्हणणारीबद्दल. ऑड्रे लॉर्ड ही अमेरिकेतली काळी कवयित्री. १९७८ साली तिचा एक स्तन काढला. तिने कृत्रिम स्तन वापरायला नकार दिला. ती तशीच डॉक्टरकडे गेली तेव्हा तिथल्या नर्सने तिला सुनावलं की हे घातलं नाही तर दवाखान्यातल्या इतर बायकांचं मन खचेल. लॉर्डने १९८० साली आपल्या आजारावरच्या पुस्तकात हे लिहिलं. तिचं म्हणणं असं होतं की सगळ्या जणी झाकून बसल्या तर एक स्तन असलेल्या बायकांना एकमेकी दिसणारच नाहीत, मग एकमेकींना आधार कसा देणार? आम्हा परिचारिकांनी हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा. रूथही बरोबर, लॉर्डही बरोबर. कृत्रिम स्तन वापरायचा की नाही, हे ज्या बाईचं शरीर आहे तिने ठरवायचं. सासूने नाही, नवऱ्याने नाही, नर्सनेही नाही.

पैशाने काय मिळतं, काय नाही

या तिघी उद्योजक बायकांना पैशाने चांगले सर्जन मिळाले, औषधं मिळाली, विश्रांती मिळाली. हा फरक खोटा नाही. पण पैशाने आजार थांबला नाही. कारखान्याची मालकीण असो की धुणीभांडी करणारी ताई, गाठ दोघींनाही होते. फरक पडतो तो गाठ किती लहान असताना डॉक्टरच्या हाती येते याने. आणि लहान असताना गाठ सापडायला फार पैसा लागत नाही, हे आपल्याच मुंबईतल्या वस्त्यांनी दाखवून दिलं आहे.

टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या, बहुतेक वस्त्यांतल्या. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी फक्त हाताने स्तनतपासणी केली. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. उरलेल्या निम्म्यांना पहिल्यांदा कॅन्सरची माहिती देऊन नंतर त्यांच्याकडे फक्त लक्ष ठेवलं. वीस वर्षांनी, २०२१ साली, निष्कर्ष छापले गेले. ज्यांची तपासणी झाली नव्हती त्यांच्यातल्या १०० रुग्णांपैकी ४७ जणींचा आजार सापडला तेव्हा पुढच्या टप्प्यात गेलेला होता. तपासणी झालेल्यांत हा आकडा ३७ होता. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणून आपल्या घरातल्या आजी, आत्या, मावशी यांची तपासणी आधी. "माझं काय आता वय राहिलं," असं म्हणणाऱ्या बाईलाच तिची जास्त गरज आहे.

आज भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. आणि आपल्या बायका उशिरा येतात. विचारलं की उत्तरं ठरलेली, "दुखत नव्हतं म्हणून," "पोरीचं लग्न होतं म्हणून," "पुरुष डॉक्टर होते म्हणून," "घरात सांगायची लाज वाटली म्हणून."

काय बघायचं, कुठे जायचं

कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून सोडू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, पाळी थांबली असेल तर एक तारीख ठरवून, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने दोन्ही स्तन आणि काखा चाचपा. बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या सपाट भागाने, गोल गोल. आरशात बघा. पुढीलपैकी काहीही नवीन दिसलं तर दाखवा:

• स्तनात किंवा काखेत गाठ, कडकपणा
• एका स्तनाचा आकार बदलणं
• कातडी आत ओढली जाणं, खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
• बोंड आत जाणं, त्यावर न भरणारी जखम किंवा खपली
• बोंडातून रक्त किंवा पाणी येणं

बाळाला पाजणाऱ्या आईने गाठ आली तर "दूध साकळलंय" म्हणून महिनोन्महिने थांबू नये. दोनतीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवावं. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित होतो, पण होतो.

गाठ लागली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी आहे हे तपासणीने ठरतं, अंदाजाने नाही. डॉक्टर हाताने तपासतील, वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतील आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून तपासतील. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" ही समजूत खोटी आहे. सुईच्या तपासणीशिवाय उपचार ठरतच नाही. गाठीला तेल लावून चोळू नका, पाला बांधू नका, गल्लीतल्या माणसाकडून चिरा देऊन घेऊ नका, कुणाचा अंगारा-धागा घेत महिने घालवू नका. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. नजर लागल्याने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही. मुका मार लागल्यानेही होत नाही. मारामुळे एवढंच होतं की हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ कळते.

तीस वर्षांवरील बायकांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या, महानगरपालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारा. बाई तपासणार का, हेही विचारा. विचारायला हरकत नाही. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डॉक्टरांचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरायच्या आधी भेटा, नंतर नाही. सगळे रिपोर्ट एका पिशवीत, तारखेप्रमाणे ठेवा. आणि उपचार मधेच सोडू नका. एकदोन केमो झाल्या, गाठ लहान झाली, की "बरं वाटतंय" म्हणून बाई गावाला निघून जाते. मग आजार परत येतो तो जास्त जोराने.

ऑपरेशननंतरचं आयुष्य

रूथ हँडलरच्या लक्षात आलं ते आपणही समजून घ्यायला हवं. टाके सुकले म्हणजे काम संपत नाही. बाईला पुन्हा कामावर जायचं असतं, लोकलमध्ये चढायचं असतं, लग्नाकार्याला नटायचं असतं. आपल्याकडे कितीतरी जणी ब्लाउजमध्ये कापूस, जुन्या ओढणीचा बोळा कोंबतात. तो सरकतो, घामाने ओला होतो, कातडी सोलते. त्यापेक्षा सुती धाग्याने विणलेले, आत मऊ भरण असलेले हलके स्तन मिळतात. मुंबई-पुण्यात स्वयंसेवक बाया ते विणून मोफत देतात. आपण ऑपरेशन केलं त्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. वस्तीत शिवणकाम करणारी ताई असेल तर ब्राच्या आतून खिसा शिवून देईल, म्हणजे सरकणार नाही. सिलिकॉनचा वजनदार स्तन हवा असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या.

ज्या बाजूचं ऑपरेशन झालं तो हात जपायचा. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढण्याचा व्यायाम नर्सकडून शिकून रोज करा, नाहीतर खांदा आखडतो. त्या हाताला भाजणं, कापणं, काटा लागणं टाळा. पाण्याचे जड हंडे कधीपासून उचलायचे ते डॉक्टरांना विचारा. हात सुजला, लाल झाला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. पाणी भरणं हे घरात बाईचंच काम असं कुठे लिहिलेलं नाही. लेकाने भरावं, नवऱ्याने भरावं.

पुरुष वाचकांनाही एक सांगायचं आहे. एलियट हँडलर शेवटपर्यंत रूथबरोबर राहिला. त्यांचा संसार ६३ वर्षं टिकला. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या बाईला माहेरी पाठवून दुसरी करण्याच्या गोष्टी कानावर येतात. आजारी बायकोसोबत केमोच्या रांगेत बसणं, तिच्या उलटीचं भांडं उचलणं, तिच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवणं, यात कमीपणा नाही. यालाच संसार म्हणतात.

आता या महिन्यासाठी एक काम. तुमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या, बचत गटाच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचून दाखवा. ज्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही त्यांना आधी. नंतर एकच प्रश्न विचारा, "कुणाला काही लागतंय का हाताला?" लगेच कुणी बोलणार नाही. उठताना एखादी हळूच जवळ येईल. तिला तिथल्या तिथे धीर द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एकटीला पाठवू नका, सोबत जा.